चिलीचे प्रेक्षक, मुक्काम नंदनवन

भूगोलाला जराही धक्का न लावता धडधडीत खोटं बोलणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नागपूरच्या नंदनवन वस्तीत माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. माझे घरमालक. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि दूधवाला. बायको गेली, मुलगा शहराच्या टोकाला, बेसाला नव्या फ्लॅटमध्ये. गाडीनं अर्धा तास, पण येतो दिवाळीला.

गुरुजींकडे सकाळपासून एकच चॅनेल चालू असतं. आपल्याच सरकारचं, माहितीपटांचं, इंग्रजीतलं, परदेशी लोकांना भारत दाखवणारं. मी पडले मोर्च्यांत पत्रकं वाटणारी. नळाला पाणी नाही म्हणून दिवसभर घोषणा देऊन घसा फोडून यावं, तर खालून मधाळ आवाजात ऐकू यायचं की भारत हा नद्यांचा देश आहे. एकदा मी तडक खाली उतरले. म्हटलं, "गुरुजी, हे आपल्यासाठी नाहीच! आपल्या पैशावर परक्यांना गोडगोड दाखवतात!"

"काहून चिडून राहिली वं? मंग आपण परक्यावानी पाह्यचं. लय मस्त दिसते."

पण या माणसाला मनापासून हवं होतं ते वेगळंच. त्या चॅनेलवर रविवारी दुपारी प्रेक्षकांची पत्रं वाचतात. आपलं एक पत्र तिथं वाचलं जावं, बस. खऱ्या नावानं, नंदनवनच्या पत्त्यानं त्यांनी तीन ईमेल पाठवले. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं, की हे सदर परदेशातल्या प्रेक्षकांसाठी आहे. मी निषेधाचा मसुदा लिहायला बसले. गुरुजी मात्र नकाशा घेऊन बसले आणि चिलीच्या पार दक्षिण टोकावरचं पुंता अरेनास शोधून काढलं. तिथले एक निवृत्त शिक्षक त्यांनी स्वतःच जन्माला घातले, त्यांच्या नावानं पत्र पाठवायला.

"खोटं बोलाचं तं बोलाचं," ते म्हणाले, "पण भूगोल खरा पायजे." मग काय! तिकडे सकाळचे सात वाजले की गुरुजी इकडे दुपारी साडेतीनला दात घासणार. नागपूरचा मे महिना, कूलर बंद, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, घामानं चिंब, आणि मान खाली घालून ईमेल चाललेला: आमच्याकडे आता थंडी वाढली आहे. मी दार उघडून ओरडले, "गुरुजी, मराल!" तर मलाच दटावलं, "दार लाव आधी. वारा बोचून राहिला."

आणि एका रविवारी पत्र लागलं. गुरुजींनी जिन्यातून वर हाक मारली, मी धावत खाली आले. निवेदिका चिलीच्या त्या शिक्षकाचं नाव घेऊन वाचत होती. थंडी, वारा, समुद्र, सगळं बरोबर. मग शेवटची दोन वाक्यं: "आमच्या गावात तुमचा कार्यक्रम मी एकटाच पाहतो. तो संपला की घर फार शांत होतं." इतक्या दूरच्या मित्राला तिनं हसून नमस्कार केला. गुरुजी उठून उभे राहिले आणि टीव्हीला हात जोडले.

लगेच त्यांनी मोबाईल उचलला, मुलाचा नंबर काढला, आणि बघत राहिले. मग फोन उलटा करून ठेवला.

"काय सांगू त्याले? नाव तं दुसऱ्याचं."

माझं रक्त उसळलं. "खऱ्या नावानं लिहा! कसं वाचत नाहीत ते बघते मी. शंभर सह्या गोळा करते!"

"राहू दे वं. सह्या घेऊन कोणी आयकते का?" त्यांनी शेजारची खुर्ची पुसली. "बस जराशी. पुढचा लागून राहिला."

सक्करदऱ्याला माझी सभा होती. मी बसले. कुठल्याशा नदीवरचा माहितीपट सुरू झाला, आणि ती समुद्राला मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.