लाल गाडीची पहिली चक्कर

लाल गाडी पुन्हा कशी चालू झाली, असं तुम्ही दोघांनी परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंत, तेव्हा आजोबा म्हणाले, "सातपूरच्या बाईंनी केली." ते खरंच आहे. पण त्यात माझाही एक भाग आहे, आणि तो मीच सांगायला हवा.

लग्न झालं तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली होते आणि तुमचे आजोबा दहावी. त्यांचा गुलाबांचा मळा होता. तेव्हापासून घरात इंग्रजीत जे काही येईल, पंपाचं पुस्तक असो की विम्याचे कागद, ते मी वाचायचं आणि त्यांना मराठीत सांगायचं, असा रिवाज पडला. नव्या वस्तूचा खोका समोर ठेवून ते हात मागे बांधून उभे राहतात आणि विचारतात, "अगं, काय म्हणतंय पुस्तक?" मी सांगेपर्यंत एक स्क्रूसुद्धा पिळत नाहीत. त्या एका प्रश्नाच्या जोरावर मी या घरात ताठ मानेने राहिले.

दोनच माणसांची ती जुनी गाडी त्यांनी सत्तरीत हौसेने घेतली. यंदा तिचा क्लच घसरायला लागला, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. नंतर कित्येक महिने क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याआधी एकदा सुरगाण्याच्या घाटात गाडी न्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

सातपूरच्या त्या वर्कशॉपची मालकीण पंचेचाळिशीची, उंच, हात कोपरापर्यंत काळे. क्लच बदलण्यासाठी तिने गिअरबॉक्स उतरवला आणि आतलं फ्लायव्हील काढून बाकावर ठेवलं. क्लचची प्लेट ज्या जड चाकावर दाबून बसते, ते हे. या गाडीत ती दोन चाकं असतात, एकावर एक, मध्ये स्प्रिंगा. वरच्या चाकाचा पृष्ठभाग तापून निळा पडला होता आणि त्यावर चरे गेले होते. नवं मागवलं तर परदेशातून यायला चार महिने लागणार होते.

"नाहीतर मी मशीनवर घासून सपाट करून देते, काका," ती म्हणाली. "आधी हात द्या इकडे. डोळे मिटा."

त्यांनी मिटले! तिने त्यांचं बोट धरून लोखंडावर फिरवलं.

"चरे लागले?"

"लागले की. दोन हायेत."

"तीन आहेत. पुन्हा फिरवा."

ते शाळकरी मुलासारखे हसले. गाडीचं पुस्तक माझ्या पर्समध्ये होतं, खुणेच्या चिठ्ठ्या लावून आणलेलं. ते कुणी मागितलं नाही.

"लय भारी हात हाय बाईचा," घरी येईपर्यंत तेच चाललं होतं. "पुस्तकबिस्तक काही लागत नाही तिला." त्या दिवशी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. ती त्यांनी तशीच संपवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: घासण्याआधी वरचं चाक हाताने फिरवून बघा. खालच्या चाकाचे सहा दाते ओलांडून ते पुढे गेलं, तर स्प्रिंगा थकल्या आहेत. मग घासू नका, बदला. मी पुस्तक मिटलं. मनात म्हटलं, चुकू दे तिला. मग येतील माझ्याकडेच.

संध्याकाळी त्यांनी दारातून विचारलं, "अगं, काय म्हणतंय पुस्तक?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना चुकीचं वाचून दाखवलं ते हे पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर्कशॉपमध्ये गेलो. चाक मशीनवर चढवायचं होतं, पण ती थांबली होती.

"काकू, हाताला तर चाकाचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बरा लागतोय. पण किती चालतो, तो आकडा पुस्तकातलाच हवा. काका म्हणतात, त्यात काहीच नाही. असं कसं असेल?"

"ही नाही म्हणाली म्हणजे नाही," आजोबा म्हणाले. "करा सुरू."

त्या वाक्याने माझे कान तापले. मी पर्समधून पुस्तक काढलं. "आहे," मी म्हणाले आणि ते पान वाचून दाखवलं.

तिने खडूने खूण केली आणि चाक फिरवून दाते मोजले. पाच भरले. "काठावर पास! नवरा-बायकोसारखं असतं हो काकू हे. थोडी ढिलाई लागतेच. जास्त झाली की खडखडाट."

आजोबा हसले नाहीत. मशीन सुरू झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काल दिसलं नव्हतं का तुला?"

"दिसलं होतं."

ते जाऊन मशीनपाशी उभे राहिले.

नवा क्लच बसून गाडी तयार झाली, त्या दिवशीही मी बरोबर गेले होते. आमच्या मळ्यात एक पद्धत आहे, तुम्हाला ठाऊक असेल: नव्या वाफ्यातलं पहिलं फूल कलम बांधणाऱ्याचं. आजोबांनी गाडीचं दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाचं विचारताना पाहतात तसं. ते काय विचारताहेत, ते मला कळलं.

"पहिली चक्कर तुमची," मी तिला म्हणाले. "बसा."

ती दोघं कंपन्यांच्या रस्त्याने निघून गेली. मी पुस्तक छातीशी धरून फाटकात उभी राहिले. वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला, अगदी मऊ. परत आली तेव्हा दोघंही कशावरून तरी हसत होती. कशावरून, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

मग मी आजोबांच्या शेजारी बसले. सीट अजून गरम होती आणि तिच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवलेली होती. मी ती पुढे ओढून घेतली, लागत होती त्याहून एक खाच जास्तच.