मधलं नाव

जपानमधल्या दवाखान्यांत मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. पासपोर्टवर आधी माझं नाव, मग त्याचं, मग आडनाव; काउंटरवरची मुलगी त्यातलं नेमकं मधलं उचलते. पहिल्या वर्षी मी भांडायचे, नंतर उठून जायला लागले. हा किस्सा मी शेजारच्या सेन्सेईंना, म्हणजे मास्तरांना, सांगितला तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. हसण्यापलीकडे त्यातून काही घ्यायला हवं होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्यांचं मी समजू शकते. माझं नाही.

ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर आमची दारं शेजारी शेजारी. सेन्सेई मूळचे आयरिश, जन्म लिव्हरपूलचा, चाळीस वर्षं टोकियोत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको जपानी, तिला मी ओकुसान म्हणायचे. घरात दोघं जपानीच बोलत. मूलबाळ नव्हतं. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि पोटातला कर्करोग पसरला होता.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांचे आजोबा आयर्लंडमधल्या कुठल्या गावचे, ते कळावं आणि आपली राख तिथे पुरली जावी. आजोबांचा एकच कागद त्यांच्याकडे होता, सैन्यातून सुटल्याचा दाखला. त्यावर पूर्ण नाव आणि जिल्हा, गाव नाही. “तुम्ही वाचाल का, सान?” त्यांनी विचारलं. माझं आडनाव त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून आडनावापुढे आदराने लावायचं ते नुसतं सान.

मी वाचेन का! वडिलांच्या पश्चात पुण्यात वारसनोंदीसाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत मी एकटीने खेटे घातले होते. पाच पिढ्यांची वंशावळ मी जुळवली, भावांना एक फेरफार धड वाचता येत नव्हता. कागदांच्या बाबतीत मला फार घमेंड होती.

आयर्लंडचे कागद मात्र चिवट निघाले. जुनी जनगणना बरीचशी जळालेली. उरल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, फोटो काढून इंटरनेटवर ठेवलेल्या, लॅटिनमध्ये, पाद्र्यांच्या गिचमिड अक्षरात. अख्ख्या जिल्ह्यात तेच आडनाव आणि मुलांची तीच पाच-सहा नावं, पिढ्यानपिढ्या फिरवून ठेवलेली. दुपारी मुलगी शाळेतून येईपर्यंत मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. ओकुसान बार्लीचा चहा ठेवायची. तीन महिने असे गेले.

शेवटी आजोबांच्या वयाशी जुळणाऱ्या तीन नोंदी उरल्या. तिघांचं नाव तेच, आडनाव तेच, गावं तीन. मी दाखल्यावरचं मधलं नाव पाहिलं आणि तिन्ही नोंदींतली बापाची नावं पाहिली. एका बापाचं नाव अगदी तेच होतं. झालं! मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. दहा मिनिटांत मी गाव काढून दिलं.

“नक्की?” सेन्सेईंनी विचारलं.

“नक्की.”

“कशावरून ठरवलंत?”

त्या दिवशी मुलीला ताप होता, मी वैतागलेली होते आणि मला कुणी उलटतपासणी घेतलेली खपत नाही. “कागद वाचायचं काम माझं ना? मग विश्वास ठेवा,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग माझा हात चाचपडत शोधून दोन्ही हातांत धरला आणि रडले. एका वाक्यात मी कारण सांगितलं असतं, तर त्यांनी तिथेच थांबवलं असतं.

ते गेल्यावर ओकुसान एकटी विमानात बसली. आयुष्यात पहिल्यांदाच जपानबाहेर. त्या गावातल्या चर्चच्या आवारात राख पुरून आली, फोटो आणले. हिरवं गवत, कलंडलेले दगड, त्यावर ते आडनाव. “सगळे त्यांचेच लोक,” ती म्हणाली. मला त्या फोटोंचं कौतुक वाटलं, आणि स्वतःचंही.

वर्षश्राद्धाच्या आसपास तिने कपाट आवरायला काढलं. सेन्सेईंच्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक निघालं. चर्चवर त्यांचा राग होता, ते त्यांनी कधी उघडलं नव्हतं, मलाही दाखवलं नव्हतं. त्यात संताचं चित्र असलेलं एक कार्ड होतं. “मागे काय लिहिलंय?” ओकुसानने विचारलं.

लॅटिन होतं. तीन महिन्यांत तेवढं मला वाचता यायला लागलं होतं. आजोबांचं नाव आणि आडनाव, आईबापांची नावं, गाव. आणि पुढे असं, की बारा वर्षांच्या या मुलाने दृढीकरणाच्या, म्हणजे आपल्या मुंजीसारख्या, विधीत अमुक संताचं नाव धारण केलं. दाखल्यावरचं तेच मधलं नाव. बापाचं नाव वेगळंच होतं. गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं, माझ्या तीन नोंदींतलं दुसरं.

परक्यांच्या पूर्वजांमध्ये मी त्यांना पुरायला लावलं होतं.

सांगायला तोंड उघडलं, तर ओकुसानच बोलू लागली. “मी भावाला कळवलं, माहेरच्या थडग्यात मला ठेवू नका. माझी राखही तिकडेच, त्यांच्याशेजारी. तिथले पाद्रीबाबा हो म्हणाले. भाऊ आता माझ्याशी बोलत नाही. पण ठीक आहे.” ती हसत होती. कित्येक महिन्यांनी हसली असेल.

“प्रार्थना आहे,” मी कार्डाकडे बघत म्हणाले.

“मला काताकानात लिहून द्याल? रोज सकाळी त्यांच्या फोटोपुढे म्हणेन.”

ख्रिस्ती प्रार्थना मला एकही येत नाही. ती समोर बसली होती, पेन हातात देऊन. कार्डावर जे होतं तेच मी जपानी अक्षरांत उतरवलं, शब्द न् शब्द. दुसरं काही सुचलं नाही.

याला दोन वर्षं झाली. सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालते तेव्हा पलीकडे बारीक घंटा वाजते. मग ओकुसान हळू आवाजात, एकही अक्षर न चुकता, आजोबांच्या खऱ्या बापाचं नाव घेते, आईचं घेते आणि मग त्या गावाचं, जिथे सेन्सेई नाहीत.

मी कपडे तसेच बादलीत टाकून आत येते आणि दार लावून घेते.