तांदळावर लिहिलेलं नाव

परवा भाच्याच्या लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. शब्दांची मुळं उकरत बसायची मला जुनी खोड आहे. वेल्स हे नाव त्या देशाला शेजाऱ्यांनी दिलं आणि त्याचा मूळ अर्थ ‘परके’. तोच शब्द फिरत फिरत पोलंडात पोचला आणि तिथे ‘व्वोखी’ होऊन इटलीला चिकटला. पोलिश माणूस तो रोज सहज उच्चारतो; आपण कुणाला परकं म्हणतोय हे त्याच्या गावीही नसतं. वेल्सचे लोक मात्र आपल्या भाषेत स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका मातीतले. घरातलं नाव त्यांनी घरात तरी जपलं.

ताट आत गेल्यावर माझ्या आईने नातसुनेला जवळ बसवून घेतलं.

‘‘माहेरी काय म्हणायचे गं तुला?’’

‘‘जुई.’’

‘‘मग मी जुईच म्हणेन हो.’’

पोरगी खुदकन हसली. ‘‘आणि आजी, तुमचं माहेरचं नाव काय?’’

‘‘आता ते घेऊन काय करायचंय? त्या नावाने हाक मारणारा एक दादा होता, तोही गेला.’’

‘‘सांगा ना.’’

आई जरा वेळ पदराशी चाळा करत राहिली.

‘‘कुसुम,’’ ती म्हणाली, एखाद्या परक्या बाईचं नाव घ्यावं तसं.