खिशातलं चुंबक

आखातातल्या मीना सलमान बंदराजवळच्या गॅरेजात पत्राकाम करणारे रत्नागिरीचे चाचा खिशात कायम एक चुंबक बाळगतात. कुणाचीही गाडी दिसली की लावून बघतात. रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असली की चुंबक गळून पडतं आणि चाचा तोंड फिरवतात. "गंज झाकून मरत नाय, भाऊ," एवढंच मला सांगतात. मी याच गॅरेजात कामाला, आमच्या घरातला पहिला पदवीधर, सहसा कुणाचा हेवा करत नाही. यांच्या हाताचा करतो.

जवळच्या हिद्द गावच्या एका अरबानं वारलेल्या वडिलांची गंजलेली, दांडग्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार आणली.

"यल्ला, पुट्टी मारो, खलास!" तो घाई करत म्हणाला.

"फिर दुसरा गॅरेज देखो," चाचा म्हणाले.

त्यानं गाडी तिथेच ठेवली. चाचांनी गंज कापून नवा पत्रा जोडला.

गाडी न्यायच्या दिवशी त्यांनी चुंबक गाडीच्या मालकाच्याच हातात दिलं. ते सगळीकडे चिकटलं, फक्त मागच्या चाकावरच्या पत्र्यापाशी गळून पडलं. मालकाचा चेहरा उतरला.

"उदर की पुट्टी तुमारे बाबा ने अपने हात से मारा था, तुमीच बोला था ना. वो मैं कैसे काटेगा?"

मालक त्या जागेवर हात ठेवून उभाच राहिला. चाचा तोंड फिरवून हत्यारं आवरत बसले.