लंगडी मावशी

पनवेलच्या मासळीबाजारात उरणकडची एक मावशी बसते. अधू पाय हाताने उचलून बाजूला ठेवते आणि गप्पा मारत माझे बांगडे साफ करून देते. परवा ती जागेवर दिसली नाही, म्हणून मी शेजारच्या कोळणीला विचारलं, "ती लंगडी मावशी आली नाही का?"

"आले ना, ही काय," मागून तिचाच आवाज आला. काठी टेकत ती बर्फ घेऊन येत होती.

मी ओशाळून म्हणाले, "मावशी, मला दिव्यांग म्हणायचं होतं."

"दोन्ही नावं पायाचीच," ती शांतपणे म्हणाली. "इतकी वर्सं मासली नेतेस, माजं नाव कदी इचारलंस काय?"

मी मान खाली घातली. नाव विचारायला तेव्हाही माझी जीभ रेटली नाही.