उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला

निघायच्या दिवशी मी घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी कमरेला खोचली. गाडी दारात उभी होती. धाकटी जाऊ शांता म्हणाली, "आक्का, चावी ठेवून जा. माझ्या दोन खोल्यांत सात माणसं झोपतात." मी म्हणाले, "सहा महिन्यांत येतेय. माझ्या चुलीला हात लावायचा नाही." त्याला चार वर्षं झाली.

आता मी सिंगापुरात, क्वीन्सटाउनला अकराव्या मजल्यावर. मुलगा तुआसला कामाला जातो. चौथी शिकलेली मी एकटी इथल्या मेट्रोने, एमआरटीने फिरते, हे गावाकडे कुणाला खरं वाटत नाही. न वाटो.

परवा रविवारी मुलाने सगळ्यांना जंगलात नेलं. "सोपी वाट आहे, आई." सोपीच होती. इथे जंगलातसुद्धा पाट्या आणि कठडे असतात. आत एक जुनं गाव होतं. माणसं केव्हाच फ्लॅटमध्ये राहायला गेलेली. एका घराच्या तीन पायऱ्या आणि उंबरा तेवढा शिल्लक होता. मी चपला काढल्या आणि आत गेले.

नात मुक्ता हसायला लागली, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आजी, नोबडी होम, लाह!"

"नसेना. घर आहे ना?"

भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. चुलीच्या जागी माझ्या कमरेएवढं जाड झाड, आणि माझी कंबर काही बारीक नाही. मला माझी चूल आठवली. बघत राहिले. वळले तर माकड माझी डावी चप्पल घेऊन फांदीवर बसलेलं. मी केळं काढलं तर सून ओरडली, "आई, त्यांना खायला दिलं तर दंड होतो!" माकडाने चपलेचा अंगठा चावून पाहिला, तोंड वाकडं केलं, पण चप्पल काही सोडली नाही. परत येताना मी मुलाच्या बुटांत, मुलगा नुसत्या मोज्यांत.

घरी आल्याबरोबर शांताला फोन लावला. "कुलूप तोड आणि राहायला जा."

ती म्हणाली, "आक्का, रागवू नका. मागच्या दाराची कडी लावायला तुम्ही विसरला होता. आम्ही दोन वर्षं इथंच राहतोय."

"आणि चूल?"

"तुमचीच. धूर फार करते."

मी तिला मनसोक्त शिव्या दिल्या. मग सांगितलं, डावीकडची भेग मातीनं लिंप, धूर कमी होईल.

तर माझं घर म्हणजे आता, जिथे मला न विचारता सात माणसं जेवतात ते. चावी अजून कमरेलाच आहे. पुढच्या दाराने आत जाईन ती मीच.