म्होरलं म्या सांगतो

गिरणी बंद करायची, पिठाचा हात धोतराला पुसायचा, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरायचा आणि बातमीच्या दोन ओळी मोठ्यानं वाचायच्या. तिसरी ओळ पुसट व्हायची आणि खाली पाटी यायची, 'पुढे वाचण्यासाठी नोंदणी करा.' मग आबा मोबाईल खिशात टाकून म्हणायचे, "म्होरलं म्या सांगतो."

आमच्या मार्गासनी गावातले ते गिरणीवाले. वर्तमानपत्र घेणं परवडेना, तेव्हापासून दळणाला आलेल्यांना अशाच बातम्या मिळायच्या. अर्धी बातमी मोबाईलवरच्या त्या दीडशहाण्या बातमीवाल्यांची, अर्धी ह्यांची. ह्यांच्या अर्ध्यात पुढारी बायकोला घाबरायचे आणि चोर हटकून सापडायचा. आम्हाला तीच आवडायची, खोटं कशाला बोलू?

"आबा, करा की नोंदणी एकदाची," मी म्हणायचो.

"बातमी माज्या तालुक्याची, आन् मलाच इचारत्यात, तू कोन?"

बरोबरच होतं. रस्ता आमचा खचतो, पाणी आमचं आटतं, आणि ते लिहून विकायचं आम्हालाच. वर जन्मतारीख पाहिजे, जशी काही सोयरीक जुळवायचीय. लाज नाही मेल्यांना.

एकदा ओळी आल्या, 'वेल्हे भागातील सकाळच्या काही एसटी गाड्या उद्यापासून बंद. बंद झालेल्या गाड्या अशा,' आणि पाटी. आबांच्या नातीची दुसऱ्या दिवशी भोरला बारावीची परीक्षा. ते सवयीनं बोलून गेले, "म्होरलं म्या सांगतो. आपली गाडी चालूच हाय."

नव्हती. पोरगी थांब्यावर ताटकळली. शेवटी दुधाच्या टेम्पोतून भोरला पोचली, तेव्हा शाळेचं फाटक लागलं होतं. घरी येऊन तिनं हॉलतिकीट आजोबांपुढं ठेवलं आणि ती आत गेली. तेच त्यांना फार लागलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी नंबर दिला, जन्मतारीख दिली. बातमी उघडली म्हणता? कसली उघडते! आता पैसे मागायला लागले. वर दिवसभर कर्ज देणाऱ्यांचे फोन. बातम्या सांगणं त्यांनी सोडलंच. कुणी फारच गळ घातली तर दोन ओळी वाचायचे आणि म्हणायचे, "म्होरलं मला ठावं न्हाई."

गेल्या महिन्यात ते गेले. मी आजींना भेटायला गेलो, तर त्यांनी आबांचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"मगाशी वाजला. काय म्हनतोय बगा."

बातमीवाल्यांचाच मेसेज. 'बरेच दिवस तुम्ही आला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते. परत या.' एवढं मात्र शेवटपर्यंत वाचता आलं, फुकट.

आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"आटवन येती व्हय," त्या म्हणाल्या. "आन् पोरगी थांब्यावर हुबी व्हती, तवा कुटं गेलती?"